लोकर उद्योगाला सरकारी मदत : मेंढपाळ, विणकर आणि नवउद्योजक विचारतात ते प्रश्न

देशातल्या लोकर उद्योगासाठी केंद्र सरकारची नेमकी कोणती योजना आहे?

मुख्य योजना एकच, ‘एकात्मिक लोकर विकास कार्यक्रम’. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची ही योजना जोधपूरच्या केंद्रीय लोकर विकास मंडळामार्फत राबवली जाते. 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी तिला 126 कोटी रुपये मंजूर झाले. लोकरीची खरेदी-विक्री, लोकरीवरची प्रक्रिया, प्रशिक्षण आणि संशोधन, शिवाय पश्मिन्यासाठी वेगळा भाग, अशी तिची ढोबळ रचना आहे. मेंढी मात्र या मंत्रालयाच्या अखत्यारीत येत नाही. जनावर पशुसंवर्धन खात्याचं आणि त्याच्या अंगावरची लोकर वस्त्रोद्योग मंत्रालयाची, अशी दिल्लीतली वाटणी आहे. पुढच्या अनेक उत्तरांत ही वाटणी आडवी येणार आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

126 कोटी म्हणजे पुष्कळ की थोडे?

तुम्हीच हिशेब करा. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 7 कोटी 43 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. 126 कोटींना भागलं तर पाच वर्षांत एका मेंढीमागे 17 रुपये, म्हणजे वर्षाला साडेतीन रुपयांच्या आत. त्यातला मोठा भाग यंत्रं, केंद्रं आणि प्रशिक्षणावर जातो. एवढ्या पैशात सबंध देशाचा लोकर उद्योग उभा राहील असं कुणी म्हणत असेल तर त्याने मेंढरं जवळून पाहिलेली नाहीत. नेमक्या जागी खर्च झाला तर मात्र हीच रक्कम कामाची ठरू शकते. ती जागा कोणती, ते पुढे येईलच.

मंडळ जोधपूरला का?

कारण लोकर तिकडे आहे. 1987 साली मंडळ स्थापन झालं तेव्हाही राजस्थान पहिला होता, आजही आहे. 2022-23 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या लोकरीपैकी जवळजवळ 48 टक्के एकट्या राजस्थानची. त्यानंतर जम्मू-काश्मीर आणि गुजरात. चौथा नंबर महाराष्ट्राचा, पण वाटा पाच टक्क्यांच्याही आत. कच्च्या लोकरीची मोठी मंडी बिकानेरला, गालिचे भदोही-मिर्झापूरला, ब्लँकेटं पानिपतला, स्वेटर आणि होजिअरी लुधियान्याला. या नकाशात दख्खनचं पठार कुठेच नाही, आणि आपल्याकडच्या तक्रारींचं मूळ बरंचसं इथेच आहे.

मेंढ्या वाढतायत असं ऐकतो, मग लोकर का घटते?

दोन्ही खरं आहे. 2012 ते 2019 या काळात देशातल्या मेंढ्या 14 टक्क्यांनी वाढल्या. लोकर मात्र 2018-19 मध्ये 4 कोटी 4 लाख किलो होती, ती 2022-23 मध्ये 3 कोटी 36 लाख किलोवर आली.

सर्वांत जास्त मेंढ्या राजस्थानात असतील असा आपला समज असतो. 2019 च्या गणनेत पहिला नंबर तेलंगणाचा, दुसरा आंध्रचा. तिथली नेल्लोर जातीची मेंढी उंच, लांब पायांची, अंगावर आखूड केस असलेली. लांबून बघणाऱ्याला शेळीच वाटावी. तिला कातरायचंच काही नसतं. तेलंगणा सरकारने 2017 पासून 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि एक मेंढा असे गट वाटले, ते मटणासाठी.

म्हणजे देशातली मेंढी आता मटणाच्या हिशेबाने पाळली जाते. आपल्याकडेही तेच. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी महाराष्ट्रभर का पसरली? तिची कोकरं झपाट्याने वाढतात म्हणून. लोकरीसाठी तिला कुणी विचारलेलं नाही. कोकराचे हजारो रुपये हातात येत असताना लोकरीच्या चार पैशांसाठी कळप कोण बदलणार? मेंढपाळ व्यवहाराला पक्का असतो. ‘लोकर वाढवा’ म्हणून त्याला शिबिरात व्याख्यान देण्यात अर्थ नाही, कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक आणून दिलं तर तो ऐकेल.

एवढ्या मेंढ्या असून लोकर आयात का करावी लागते?

लोकर ही एकच वस्तू नव्हे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सुटाबुटाच्या कापडाला वीसएक मायक्रॉनची मऊ मेरिनो लोकर लागते. केंद्रीय मंडळाच्याच म्हणण्याप्रमाणे आपल्या लोकरीपैकी 85 टक्के गालिच्याच्या प्रतीची, 10 टक्के त्याहून जाड, आणि कपड्याच्या प्रतीची जेमतेम 5 टक्के. सुटाचं कापड विणणाऱ्या गिरण्या ऑस्ट्रेलियाकडून लोकर घेतात ती त्यामुळे. 29 डिसेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू झाला आणि तिथल्या लोकरीवरचं आयात शुल्कही गेलं. गिरण्यांना ते सोयीचं झालं. आपल्या धनगराचं त्यात थेट नुकसान फारसं नाही, कारण त्याची लोकर त्या स्पर्धेत कधी उतरलीच नव्हती. त्याची खरी स्पर्धा अ‍ॅक्रिलिकच्या कृत्रिम धाग्याशी आणि पानिपतच्या जुन्या कपड्यांपासून केलेल्या स्वस्त ब्लँकेटाशी आहे.

माझ्याकडे दीडशे मेंढरं आहेत. लोकर विकास कार्यक्रमातून मला थेट किती अनुदान मिळेल?

थेट खात्यात, जवळजवळ काही नाही. ही योजना संस्थांसाठी आखलेली आहे. राज्यांची लोकर मंडळं आणि महामंडळं, सहकारी संघ, नोंदणीकृत संस्था, बचत गट यांच्यामार्फत ती खाली येते. त्यामुळे एकट्याने अर्ज घेऊन हेलपाटे घालू नका.

मेंढीसाठीची मदत दुसऱ्या दारांनी मिळते. ती दारं अशी :

राज्याची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना 2017 पासून आहे. भटक्या जमाती (क) प्रवर्गातल्या मेंढपाळांसाठी 20 मेंढ्या आणि एक नर मेंढा असा गट 75 टक्के अनुदानावर देतात, उरलेले 25 टक्के आपण घालायचे. आधीच मेंढरं असतील तर सुधारित नर घेण्यासाठीही तीत सोय आहे. भटकंती करणाऱ्यांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी महिना 6,000 प्रमाणे 24,000 रुपये चराई अनुदानाचीही तरतूद आहे. पावसाळ्यात शेतं पेरलेली, डोंगर राखीव, मग मेंढरं घेऊन जायचं कुठे, या नेहमीच्या अडचणीवर हा तोडगा. ही योजना पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ राबवतं आणि अर्ज ऑनलाइन असतात. अर्जाची मुदत थोडेच दिवस असते आणि ती नेमकी आपण कोकणात उतरलेले असताना निघू शकते, तेव्हा गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला लक्ष ठेवायला सांगा.

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठ्या प्रमाणावर मेंढीपालन करणाऱ्याला भांडवली खर्चाच्या 50 टक्के अनुदान आहे. 100 माद्या आणि 5 नरांच्या गटाला 10 लाखांपर्यंत, तिथपासून चढत 500 माद्या आणि 25 नरांना 50 लाखांपर्यंत. रक्कम डोळे दिपवणारी आहे, पण त्याला जमीन लागते (स्वतःची किंवा भाडेपट्ट्याची), प्रकल्प अहवाल लागतो, बँकेचं कर्ज किंवा स्वतःचे पैसे लागतात. म्हणजे बंदिस्त गोठा बांधणाऱ्या गुंतवणूकदाराला ही योजना अंगासरशी बसते. वाडा (मेंढरांचा फिरता तळ) घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला ती बसत नाही, आणि देशातल्या मेंढ्यांचा मोठा हिस्सा तर त्याच्याकडेच आहे.

किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालकांनाही मिळतं. दोन लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलावर वेळेत फेड केली तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. विम्याचंही बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलले, आता हप्त्यातला पशुपालकाचा वाटा 15 टक्के आहे आणि शंभर मेंढ्यांपर्यंत अनुदानित विमा उतरवता येतो. अवकाळी गारपिटीत एका रात्रीत अर्धा कळप गेलेले लोक आपल्यात आहेत. दीडशे मेंढरंवाल्याने बाकी सगळं सोडून आधी विमा उतरवावा, असं माझं मत.

आमची दख्खनी लोकर व्यापारी फुकटसुद्धा नेत नाही. असं का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. आधी ओढ्यात धुऊन काढायची, अंग वाळलं की चारी पाय बांधून आडवी पाडायची आणि लोखंडी कातरीने पोटाकडून सुरुवात करायची. एका कातरणीला पाव ते अर्धा किलो लोकर निघते. तिचा एक झुबका हातात घेऊन उलगडून पाहा. काळे, करडे, तपकिरी आणि मधूनच पांढरे तंतू एकत्र. काही तंतू मऊ, काही घोड्याच्या शेपटीसारखे राठ. मुळाशी कुसळं, गोखरू, लेंडीचा चुरा आणि अंगाची चिकट मेणचट चरबी. किलोभर लोकर धुतली की हातात किलोभर राहत नाही. तंतूंची सरासरी जाडी 40 मायक्रॉनच्या वर जाते, आणि पुष्कळ तंतू आतून पोकळ असतात, त्यामुळे ते रंगही नीट धरत नाहीत. तसंही काळ्या लोकरीवर रंग काय चढणार?

आता व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याला एका रंगाची, एका लांबीची, बऱ्यापैकी स्वच्छ लोकर टनाने हवी असते. आपण देतो ती पोत्यातली खिचडी, तीही एकेका वाड्यावरून दहा-वीस किलो. गोळा करायला जाण्याचं डिझेलही त्यातून सुटत नाही. मग भाव इतका पडतो की कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशांतून भागत नाही, आणि माणसं लोकर बांधावर टाकून पुढे जातात. उन्हाळ्याआधी मेंढी कातरावी तर लागतेच, म्हणजे खिशातून पैसे घालून कचरा काढल्यासारखं होतं.

सरकारी मदतीची नेमकी जागा हीच आहे, कातर आणि सूत यांच्या मधली. गोळा करणं, जागेवरच रंगानुसार आणि प्रतीनुसार वेगळी करणं, धुणं, पिंजणं. याला ना मेंढपाळाकडे वेळ आहे ना विणकराकडे भांडवल. कार्यक्रमात कच्च्या लोकरीच्या खरेदीसाठी फिरता निधी आहे आणि सामाईक सुविधा केंद्रं आहेत, ती कागदावर याच कामासाठी. पण राज्यातल्या एखाद्या संस्थेने तो निधी मागून, दख्खनी लोकर उचलून, विकून परत भरला पाहिजे. गिऱ्हाईकच नसेल तर निधी फिरणार कसा? त्यामुळे खरेदी आणि नवा वापर ही दोन कामं एकाच वेळी करावी लागतील. आधी एक, मग दुसरं, असं ते होणार नाही.

एक अपवाद सांगतो. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती मऊ असते आणि तिच्या घोंगडीला आजही चांगला भाव मिळतो. जावळ बाकीच्या लोकरीत मिसळू नका. वेगळ्या पोत्यात ठेवा, विणकराला ते पोतं उघडून दाखवा आणि मग भाव करा.

मेरिनोचा नर आणून संकर केला तर?

करून झालंय, आणि एकदा नव्हे. इंग्रजी अमदानीत हिसारच्या सरकारी फार्मवर बिकानेरी मेंढ्यांवर मेरिनो नर घालून हिसारडेल जात तयार केली, ती शाळेच्या पुस्तकात आहे. 1962 साली राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. तिथे चोकला आणि नाली या देशी जातींवर रांबुलेट आणि रशियन मेरिनो या परदेशी जाती वापरून भारत मेरिनो घडवली. काश्मिरात काश्मीर मेरिनो झाली आणि तिथे ती टिकलीही, कारण थंडी आहे, कुरणं आहेत, आणि राज्याचं मेंढीपालन खातं तिच्या पाठीशी उभं राहिलं. उत्तराखंडाने 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातून 240 मेरिनो आणल्या.

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचाही मेरिनो आणि रांबुलेटशी संकर करून पाहिला गेला. लोकर सुधारली, पण ती मेंढी माणदेशातल्या वाड्यात रुजली नाही. का रुजावी? दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चाल, मे महिन्यातलं ऊन, बाभळीच्या शेंगा आणि वाळक्या काट्यांवर गुजराण, पावसात उघड्यावर रात्र. दाट लोकरीत कुसळं अडकतात, ओली लोकर वाळत नाही. शिवाय खाटीक देशी कोकराला जो भाव देतो तो संकरिताला देईलच असं नाही.

मेंढपाळाला जी सुधारणा हवी होती ती फलटणला झाली. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ तयार केली. तिचा लोकरीशी संबंध नाही, पण वाड्यातली मेंढी कशासाठी सुधारावी याची समज त्यात दिसते. लोकरीसाठी दख्खनीची जात बदलायच्या भानगडीत पुन्हा कुणी पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आहे ती लोकर कशाला चालते ते बघावं.

कापसासारखा लोकरीला हमीभाव का देत नाहीत?

मागणी रास्त वाटते, पण तिच्या आड ऑस्ट्रेलियाचा अनुभव उभा आहे. तिथे 1970 च्या दशकात सरकारी मंडळाने लोकरीला किमान भाव बांधून दिला. त्या भावाने लिलावात माल उठला नाही की मंडळ स्वतः घ्यायचं. बरीच वर्षं छान चाललं. मग 1988 मध्ये बाजार तेजीत असताना तो भाव किलोला 870 सेंटपर्यंत नेला. एवढा भाव पक्का म्हटल्यावर सगळ्यांनीच मेंढ्या वाढवल्या. त्याच सुमाराला सोव्हिएत संघ आणि चीनची खरेदी आटली. फेब्रुवारी 1991 मध्ये योजना गुंडाळली तेव्हा गोदामांत सुमारे 47 लाख गाठी पडून होत्या. कळप कमी करण्यासाठी मेंढ्या मारायला सरकारला पदरचे पैसे द्यावे लागले. शेवटची गाठ विकली जायला 2001 साल उजाडलं.

आणि ती जगातली सगळ्यात मागणी असलेली मऊ लोकर होती! आपल्या राठ काळ्या लोकरीला भाव बांधला आणि पुढे वापरच नसला तर महामंडळाची गोदामं उंदरांच्या कामाला येतील.

हिमाचलची वाट मला जास्त पटते. तिथला सरकारी लोकर संघ गद्दी मेंढपाळांकडून प्रतवारीनुसार लोकर विकत घेतो आणि कळप डोंगरातून उतरतात त्या जागी यंत्राने कातरून देण्याची सेवाही देतो. कातरणी आणि खरेदी एकाच ठिकाणी, एकाच वेळी. आपल्याकडे दिवाळीनंतर कळप कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात, त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्या वाटांवर चार ठिकाणी अशी शिबिरं लावायला ऑस्ट्रेलियाएवढे पैसे लागत नाहीत.

कातरणी यंत्रासाठी मदत मिळते का? घ्यावं का?

मिळते, पण गटाला किंवा संस्थेला. यंत्राने काम बरंच झटपट होतं, लोकर एकसारख्या लांबीची निघते आणि मेंढीच्या कातडीला जखमा कमी होतात. अडचण विजेची आणि पात्याला धार लावण्याची. माळावर वीज नाही, जनरेटर किंवा बॅटरी लागते, आणि बोथट झालेली पाती तालुक्याला धार लावून मिळत नाहीत. एकट्याने घेऊ नका. गावातल्या दोन-तीन तरुणांनी मिळून घेतलं, शिकून घेतलं आणि वाड्यावाड्यावर जाऊन मजुरीने कातरून दिलं तर त्यात पैसा आहे. हाताने कातरणारी जुनी माणसं कमी होत चालली आहेत, त्यामुळे काम कमी पडायचं नाही.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सामाईक सुविधा केंद्र काढायचंय. कशाचा विचार करावा?

पाण्याचा, सगळ्यात आधी. लोकर धुवायला गरम पाणी, साबण आणि सोडा लागतो आणि जे काळं, चरबीयुक्त पाणी बाहेर पडतं ते ओढ्यात सोडता येत नाही. त्याच्या शुद्धीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर केंद्र पहिल्याच तपासणीत बंद पडेल. मग मालाचा. धुण्या-पिंजण्याची यंत्रं टनांच्या हिशेबात चालतात, वर्षातून दोनदा येणारी लोकर त्यांना किती दिवस पुरेल ते आधी मांडा. इमारत आणि यंत्राला अनुदान मिळतं. पिंजण यंत्रावर बसणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार, वीजबिल आणि पट्टा तुटल्यावरचा खर्च मात्र आपणच भागवायचा असतो. उद्‌घाटनाचा फलक चकचकीत आणि यंत्रावर ताडपत्री, अशी केंद्रं निघतात ती यामुळे.

प्रस्ताव करण्याआधी ठाण्यातल्या वूल रिसर्च असोसिएशनला भेट द्या. 1963 सालची ही संस्था लोकरीची चाचणी, प्रशिक्षण आणि संशोधन करते. आपल्याच राज्यात ती आहे हे मेंढपाळांच्या गावीही नसतं. लोकरीचे नमुने तिथे तपासून घेतले तर प्रस्तावात ‘उत्तम प्रतीची लोकर’ असं मोघम न लिहिता मायक्रॉनचा आकडा लिहिता येतो.

घोंगडी विणणाऱ्यांना काय मिळतं?

घोंगडी हातमागावर होते, त्यामुळे सणगर आणि खुटेकर विणकरांना हातमाग विभागाचं दार उघडं आहे. विणकर ओळखपत्र असेल तर राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रम, सवलतीचं मुद्रा कर्ज आणि कच्चा माल पुरवठा योजना लागू होतात. शेवटच्या योजनेत लोकरीच्या सुतावर 15 टक्के किंमत सवलत आणि वाहतुकीचा खर्च मिळतो. पण ती सवलत सरकारी पुरवठ्यातल्या सुतावर. आपली घोंगडी ज्या सुताची होते ते घरातल्या बायकांनी चरख्यावर काढलेलं असतं. ते पुरवठ्याच्या यादीत कुठून येणार?

एकदा घोंगडीचा ताणा (उभे धागे) लावताना बघून या. चिंचोके भाजून, फोलपट काढून, दळून, शिजवून त्याची खळ करतात आणि ती ताणलेल्या सुतावर कुंचल्याने चढवतात, तेव्हा कुठे ते राठ सूत खड्डामागावर तग धरतं. या कामाला दोन-तीन माणसं लागतात आणि ऊन लागतं, ढगाळ दिवशी खोळंबा. या श्रमाची मजुरी लावून किंमत काढली तर घोंगडी यात्रेतल्या अ‍ॅक्रिलिकच्या काळ्या चादरीपुढे महाग दिसणारच. सरकारने एक गोष्ट नक्की करावी, चरख्यावर सूत काढणाऱ्या बाईला कारागीर म्हणून ओळखपत्र द्यावं. आज अनेक ठिकाणी तिची नोंद ‘घरकाम’ अशी होते.

पश्मिन्याला वेगळी वागणूक का?

तो मेंढीचा नव्हे, लडाखच्या चांगथांगी शेळीच्या अंगावरचा मऊ थर आहे. 12 ते 15 मायक्रॉन. सीमेवरचा प्रदेश, जगभर नाव आणि भाव, त्यामुळे सरकारचं लक्ष असतं. काश्मीर पश्मिन्याला 2008 मध्ये आणि लडाख पश्मिन्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे आपला काही संबंध नाही, पुढे जाऊ.

जाड लोकरीचा घोंगडीशिवाय उपयोग काय?

जेन, म्हणजे लोकर न विणता थापून केलेलं जाड अंथरूण, आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याच तत्त्वावर आज चटया, पिशव्या, चपलांचे तळ होतात. घराच्या छताखाली उष्णता आणि आवाज अडवण्यासाठी लोकरीचे थर युरोपात वापरले जातात, तिथे मऊपणा आणि रंग दोन्ही बिनमहत्त्वाचे. लोकरीत नत्र भरपूर असतं आणि ती पाणी धरून ठेवते, म्हणून फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणूनही चालते. डाळिंबाच्या बागा आणि दख्खनी मेंढ्या दोन्ही सांगोला-आटपाडी पट्ट्यातच आहेत. बांधावर टाकलेली लोकर निदान उचलून झाडाखाली घालायला तरी कुणाच्या अनुदानाची गरज नाही.

कुरण आणि चराईचा प्रश्न या योजनांत का नाही?

कारण तो वन खात्याचा, म्हणजे तिसऱ्याच खात्याचा. वनहक्क कायदा 2006 मध्ये भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे, पण दावा ग्रामसभेमार्फत करायचा असतो आणि फिरस्त्याची ग्रामसभा कोणती, इथेच गाडी अडते. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेण्याचं ठरलं. आकडा कागदावर आला तर पुढची मागणी करायला आधार होईल. शेतात मेंढरं बसवून मिळणारं धान्य-पैसे आणि कोकरांची विक्री यांवर वाडा चालतो. चराई गेली तर मेंढीच जाईल, मग लोकरीची योजना कुणासाठी?

घोंगडी घेताना ती खरी लोकरीची आहे हे कसं ओळखावं?

काठाचा एक धागा उपटून काडीने पेटवा. लोकर केसासारखी करपते, तसाच वास येतो, काडी बाजूला केली की विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळून पेटतं आणि त्याचा टणक मणी उरतो. दोन्ही प्रकार दिसले तर भेसळ. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासा, कारण ताण्यात वेगळं सूत घालून वरून लोकर विणलेली घोंगडीही बाजारात असते. ‘हँडलूम मार्क’ची खूण असेल तर ती हातमागावर विणल्याची खात्री देते, सूत लोकरीचंच असल्याची नाही. विकणारा धागा पेटवू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.